आपण पाचवे

नागपुरात महाल भागात भाड्यानं खोली शोधत होते तेव्हा प्रत्येक घरमालकानं मला आधी आडनाव विचारलं, मग ते कुठलं असं विचारलं, आणि मग जे विचारायचं ते न विचारता ताडून घेतलं. फक्त एकानं यातलं काहीच विचारलं नाही. ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसलेल्या त्या म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमच्यात पहिले कोण आलं?"

मी म्हटलं, "आलं म्हणजे? आम्ही चंद्रपूरचे. आजोबा आले तिथं, कोळशाच्या खाणीत कामाला."

"मंग आजोबाच्या पहिले तिथं कोण राहे?"

मला माहीत नव्हतं.

"मालूम करून घ्या," असं म्हणून त्यांनी वरच्या खोलीची किल्ली काढून दिली. अनामत किती ते मीच विचारलं.

सगळा मोहल्ला त्यांना काकाजी म्हणायचा, मीही म्हणू लागले. ते मला 'दोन नंबर' म्हणायचे. त्या खोलीत माझ्या आधी एक मास्तर राहून गेला होता, तो एक नंबर. तो लग्न करून नाशिकला गेला, तिकडेच घर घेतलं, तरी माझा नंबर वर सरकला नाही. मी एकदा तक्रार केली तर म्हणाले, "तो गेला म्हणून काय तुम्ही त्याच्या पहिले आल्या?"

लग्नाला गेले की काकाजी जेवणाआधी हॉलभर हिंडून चौकशी करत, की आज इथं सगळ्यात पहिले कोण पोचलं, आणि मग त्या माणसाशेजारी जाऊन बसत. तो बहुतेक मंडपवाला असायचा, नाहीतर पाण्याचे कॅन टाकणारा. नवरीचा बाप पाहुण्यांना शोधत यायचा तेव्हा आमचे काकाजी मंडपवाल्याबरोबर मसालेभात खाऊन मोकळे झालेले असायचे. भाजी घ्यायचे ती बाजारात पहिल्या लागलेल्या पथारीवरून, मग ती किडकी का असेना. ती किडकी वांगी मीही खाल्ली आहेत, कारण ते अर्धी मला आणून द्यायचे.

इतवारीत त्यांचं बैलांच्या साजाचं दुकान होतं. वेसणी, घुंगरमाळा, झुली, शिंगांना लावायचे गोंडे. तिथंही तोच कायदा. एखादा मोठा शेतकरी ट्रॅक्टर लावून आत आला आणि आधी एखादी बाई बकरीच्या गळ्यात घालायची घंटी बघत उभी असली, तर तिची घंटी वाजवून, पसंत करून, कागदात बांधून होईस्तोवर तो शेतकरी उभा. पुष्कळ गिऱ्हाइकं अशानंच तुटली. पुढं बैलच कमी झाले आणि दुकान गेलं. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात. काकाजींना त्याचं फार वाईट वाटलेलं मला दिसलं नाही. दुकान त्यांचं पोट होतं, जीव गावात होता.

गाव म्हणजे त्यांचं गाव. त्याचं नाव ते क्वचितच घेत. जगात गाव एकच असल्यासारखं नुसतं 'गाव' म्हणत. खाप्याच्या पलीकडं, कन्हान ओलांडून बरंच आत. एके काळी तिथं मोठा ढोरबाजार भरायचा. माळव्यापासून बैल यायचे, लांबलांबचे हेडे म्हणजे गुरांचे व्यापारी मुक्कामाला असायचे, आणि त्या बाजाराभोवतीच गाव वसलं. कोण कुठून आलं, कोणाच्या मागून आलं, कोणी पहिली विहीर खणली, हे काकाजींना असं पाठ होतं, जशी आपल्याला आपल्या शाळेतल्या मुलींची नावं असतात.

आणि हे सगळं ज्ञान त्यांनी एका फळीवर मांडून ठेवलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा असतो. लहान मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत घरोघर नेतात. तसले लाकडी बैल काकाजींच्या बैठकीत भिंतभर लांब फळीवर ओळीनं उभे होते. मी आधी समजले, नातवंडांचे असतील. त्यांना मूलच नव्हतं, आणि काकू जाऊनही खूप वर्षं झाली होती. एक बैल म्हणजे गावातलं एक घराणं, आणि बैलांची ओळ म्हणजे ती घराणी गावात आली तो क्रम. फळीवरची धूळ झाडायला येणाऱ्या बाईला सक्त ताकीद होती की बैल उचलायचा तर एकच, पुसायचा, जागच्या जागी ठेवायचा, मगच दुसरा. ती बाई म्हणायची, "देव पण असे नाही पुसाले लावत कोणी."

सकाळी त्यांच्या गुडघ्याचा व्यायाम घ्यायला मी खाली जायचे (भाड्यात तेवढी सूट होती), तेव्हा पाय वर-खाली करता करता ते एकेका बैलाची कथा सांगत. एक नालबंद होता. बैलांच्या खुरांना नाल ठोकून त्याला इतकी सवय झाली होती की समोरून लंगडत माणूस आला तरी हा रस्त्यात बसून त्याचा पाय मांडीवर घ्यायचा. एक बाई होती, हेड्यांसाठी खानावळ चालवायची. मोठमोठे मिशाळ व्यापारी तिच्या दारात रांगेनं हात धुऊन तिला तळवे दाखवायचे, मग भाकर मिळायची. आणि सहा बोटांचा दलाल. ढोरबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात. या गृहस्थाच्या हाताला सहावं बोट. समोरच्यानं भाव म्हणून पंजा धरला की त्यात हे सहावंही यायचं, आणि सौदा झाल्यावर हा शांतपणे म्हणायचा, "मोजून पाह्य ना." शेवटी पंचांनी ठराव केला की त्यानं सौद्याच्या वेळी ते बोट सुतळीनं बांधून घ्यावं.

"हे खरं आहे?" मी विचारायचे.

"सुतळीचं खरं आहे. पंचाचं मले पक्कं मालूम नाही," काकाजी म्हणायचे. खरं आणि ऐकीव यांच्यात ते असा फरक करायचे, आणि म्हणूनच पुढचा सगळा घोळ झाला.

फळीवरचा पहिला बैल होता त्यांचा स्वतःचा. शिसवी, चांगला हातभर उंच, टोकांना पितळेच्या शेंब्या लावलेली शिंगं. गावाचा मूळपुरुष म्हणजे काकाजींचे पणजोबा. ते पांढरा बैल घेऊन आले, बैल एका जागी बसला तो उठेचना, म्हणून त्यांनी तिथंच पाल ठोकलं आणि गाव झालं. या कथेमुळे पोळ्याचा पहिला मान त्यांच्या घराकडं. पोळ्याला संध्याकाळी गावातल्या सगळ्या बैलजोड्या आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं गोळा होतात त्या मैदानावर, तोरणाखाली उभ्या राहतात. मानाची जोडी तोरणाखालून गेली की पोळा फुटला. मग बाकीचे बैल सुटतात. काकाजींची जोडी आता त्यांचा पुतण्या विलास न्यायचा. शेती, घर, बैल सगळं त्याच्याकडं. काकाजी वर्षातून एकदा, पोळ्याला, गावी जायचे. आठ दिवस आधीपासून पिशवी भरून दाराशी ठेवायचे आणि रोज तिच्यातलं काही ना काही वापरायला परत काढायचे. विलासकडं पुरणपोळी खाऊन दुसऱ्या दिवशी परतायचे ते महिनाभर खूश असायचे.

एका पोळ्याहून ते परत आले ते लंगडत. मी सकाळी व्यायामाला गेले तर गुडघा टम्म सुजलेला. विचारलं तर म्हणाले, गावातल्या सगळ्या गल्ल्या चाललो. कशाला? तर गावातले रस्ते तिरपे काहून आहेत हे पाहायला.

"सगळ्याच गावांत असतात," मी म्हटलं.

"तिरपे असतात. पण सगळे एकाच जागी नाही जात."

त्यांच्या गावातले सगळे रस्ते फिरून-वळून एकाच तळ्यावर जातात. त्या तळ्याला लोक पिढ्यानपिढ्या म्हसतळं म्हणतात. काकाजींच्या डोक्यात एवढ्या वर्षांनी प्रश्न आला तो असा: आपला बैल थकून पाण्याजवळ बसला हे ठीक. पण पाण्यापर्यंत त्याला घेऊन जाणारी वाट कोणी पाडली? माणूस वाट पाडतो ती सरळ. अशी वाकडीतिकडी, सावलीसावलीनं पाण्याकडं जाणारी वाट म्हशी पाडतात. म्हणजे पणजोबा आले तेव्हा तिथं म्हशी होत्या, आणि म्हशी होत्या म्हणजे त्यांच्यामागं कोणीतरी काठी घेऊन होतं. गावात गवळ्याचं एकच घर उरलं आहे, दौलतबाबाचं. तळ्याकाठचे शेंदूर लावलेले दगड त्यांच्याच पूर्वजांचे. हे सगळ्या गावाला माहीत होतं. कोणी त्याचा हिशेब लावला नव्हता, इतकंच.

एकदा हे सुरू झाल्यावर काकाजी थांबणारे थोडेच. पुढचं वर्षभर ते फोनवर गावातल्या म्हाताऱ्यांना पिडत होते. कोणाची विहीर कोणाच्या विहिरीपेक्षा जुनी, कोणाचा गोठा बाजारात सावलीला आणि कोणाचा उन्हात. सावलीतला आधी आलेला, हे उघड आहे. एक दिवस मी खाली उतरले तर शिसवी बैल फळीवर पाचव्या जागी होता. पुढं खानावळवाली, नालबंद आणि सहा बोटांचा दलाल. आणि पहिली जागा, गवळ्याची, रिकामी.

"काकाजी, हे काय?"

"आपण पाचवे," ते म्हणाले. कोणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवावा तसं.

रिकामी जागा त्यांना बघवेना. मग आम्ही चितारओळीत गेलो. तान्ह्या पोळ्याचे दिवस, दोन्ही बाजूंनी लाकडी बैलांच्या रांगा, रंगाचा वास. काकाजींनी सुताराला सांगितलं, हल्या करून दे. हल्या म्हणजे रेडा. सुतार त्यांच्याकडं बघतच राहिला.

"तान्ह्या पोळ्यात हल्या कोण फिरवते जी? यमाचं वाहन घरात ठेवता का?"

"पहिले तो आला. मी काय करू?"

सुतारानं तयार बैलच काळा रंगवून, शिंगं मागं वळवून दिला. काकाजींनी तो रस्त्यातच उन्हात धरला आणि परत केला. "हा हल्या नाही, काळा बैल आहे. याले वशिंड आहे." मग सुतारानं चरफडत रंध्यानं वशिंड तासलं. वर चपटा, पांढरा डाग राहिला. तो रंगवायला काकाजींनी नको म्हटलं. घाई होती.

घाई याची होती की पोळा जवळ आला होता आणि त्यांनी विलासला फोन केला होता. पहिला मान दौलतबाबाकडं द्यायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. मी पायाला पट्टी बांधत होते, फोन स्पीकरवर होता, म्हणून ऐकलं. विलास आधी हसला. मग त्याला कळलं की म्हातारा खरंच बोलतो आहे.

"काकाजी, मान गेला का परत येत नसते. तुमचं काय जाते? तुम्ही नागपूरले राह्यता. मले त्या गावात राह्याचं आहे."

"म्हणून तं सांगून राहिलो. तुह्या हातानं दे."

"नाही देत. आन तुम्ही आखरावर येऊन काही तमाशा केला, तं मंग घरी येऊ नोका. सांगून ठेवतो."

फोन ठेवून काकाजींनी पाय परत पट्टीसाठी पुढं केला. मी मुद्दाम म्हटलं, "जाऊ द्या ना, कोणाला काय फरक पडतो?" माणूस किती वेडा आहे ते मला बघायचं होतं, खोटं कशाला बोलू.

"मले पडते," ते म्हणाले. "जिंदगीभर लोकाले विचारत आलो, पहिले कोण आलं. आता मालूम पडलं तं चूप बसू? मले ते घर पाह्यजे, बाई. पोळ्याची पोळी पाह्यजे. दुसरं आहे कोण माह्यं. पण तिथं खोटा पहिला म्हणून नाही बसाचं मले."

मला एकदम लाज वाटली आणि त्या लाजेतच मी म्हणून बसले की गाडीनं मी नेते.

आम्ही पोचलो तेव्हा आखर भरला होता. तोरण बांधलेलं, बैलांच्या अंगावर झुली, कोणी झडत्या, म्हणजे पोळ्याची खटकेबाज कवनं, म्हणत होतं आणि प्रत्येक झडतीनंतर महादेवाचा गजर होत होता. सगळ्यात पुढं विलास, नवा सदरा, मानाची जोडी धरून. काकाजी एका साडीच्या दुकानाची पिशवी घेऊन सरळ तोरणापाशी गेले, हल्या काढला, खाली ठेवला, दोरी सोडली. मागून हशा झाला. पोरांचे मोबाईल वर झाले.

विलासचा चेहरा लाल. "काकाजी, फोनवर बोललो होतो न मी."

काकाजींनी त्याच्याकडं पाहिलं नाही. ते कडेला उभ्या असलेल्या दौलतबाबाकडं गेले. दौलतबाबा वाळका, डोक्याला टॉवेल, हातात काठी. त्याच्या म्हशींना पोळ्यात जागा नसते, तरी दर वर्षी बघायला यायचा. काकाजींनी दोरी त्याच्यापुढं केली.

"मले काहून जी?" दौलतबाबा मागं सरकला. "हे तुमचं खेळणं आहे. माह्यी मस्करी नोका करू."

"मस्करी नाही. तुमच्या घरचे पहिले आले इथं. आमचा बैल तुमच्या म्हशीच्या वाटेनं आला."

"ते मले मालूम आहे," दौलतबाबा म्हणाला. "माह्या बापानंच सांगतलं. कोणी विचारलं नाही तं कोणाले सांगाचं?"

काकाजी दोरी तशीच पुढं धरून उभे राहिले. आभाळ भरून आलं होतं. मागचे बैल चुळबुळायला लागले, लोक ओरडायला लागले, पोळा फोडा, पोळा फोडा. विलासच्या जोडीतला डावीकडचा बैल मान खाली घालून त्या लाकडी हल्याचा वास घेत होता आणि एक पाऊल पुढं टाकायला तयार नव्हता. विलासनं कासरा दोनदा ओढला. मग वैतागून म्हणाला, "घ्या जी दौलतबाबा, काढा ते लवकर. बैल उभे आहेत."

दिला तो मान असा दिला. दौलतबाबानं चपला काढल्या, काठी काकाजींकडं दिली आणि दोरी धरली. एक चाक अडकलं होतं. हल्या तोरणाच्या बरोबर खाली कलंडला, पुन्हा हशा झाला. दौलतबाबा वाकला, त्यानं तो उभा केला आणि जित्या जनावराला चुचकारावं तशी त्या तासलेल्या डागावर थाप मारली. मग पलीकडं गेला. तेवढा वेळ तरी कोणी हसलं नाही.

विलासनं जोडी पुढं घेतली. काकाजींनी हात आडवा केला.

"थांब गा. आपण पाचवे."

विलास त्यांच्याकडं बघत राहिला. खानावळवालीच्या घरचे लोक आता पुण्याला असतात, नालबंदाचा पणतू पंक्चर काढतो आणि त्याच्याकडं बैल नाही, दलालाचं घराणं गर्दीत कुठंतरी असेल. पण तीन घरं शोधायला पोळा थांबत नसतो. विलासनं काकाजींचा हात बाजूला केला, फार जोरात नाही, आणि जोडी तोरणाखालून काढली. पोळा फुटला. बैल सुटले, धूळ उडाली, मी काकाजींना दंडाला धरून गाडीकडं आणलं.

त्यांनी मला विलासच्या घराजवळ, कोपऱ्यावर गाडी थांबवायला लावली. उतरायचं नाही, नुसतं बघायचं, म्हणाले. दारात विलासची बायको बैलांचे पाय धुऊन ओवाळत होती. बैलांना पोळी भरवून झाली, बैल गोठ्यात गेले, दिवा आत गेला. काकाजी काच खाली करून बसले होते. पिशवी मांडीवर. मी म्हटलं, निघायचं का? ते म्हणाले, थोडं थांबा. असं तीन-चारदा झालं. मला त्या विलासचा भारी राग आला होता, आणि म्हाताऱ्याचाही.

मग विलासची बायको तांब्या घेऊन गाडीपाशी आली. "काकाजी, किती वेळ बसता? पुरण थंडं होऊन राहिलं."

"विलास नोको म्हणे घरी येऊ."

"ते मोबाईलवर म्हणले. मोबाईलवरचं कोण धरते? उतरा. बाई, तुम्हीपण या."

विलास जेवायला बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. काकाजी ओळीत सगळ्यात शेवटी, भिंतीकडच्या पाटावर जाऊन बसले. ताट आलं. पुरणपोळी, तूप, भजी, कढी. विलासची बायको मला आग्रह करत होती तेवढाच आवाज. विलासनं पहिली पोळी खाल्ली, दुसरी घेतली. काकाजींनी एक घास मोडून हातात धरला होता, तो अजून तोंडात गेला नव्हता.

"चवथे कोण होते?" ताटाकडं बघत विलास म्हणाला.

कोणाला कळलं नाही, कोणाला विचारतो आहे. त्या घरानं काकाजींना गावाबद्दल आजवर काहीच विचारलेलं नव्हतं. ते बोलायचे, बाकीचे जेवायचे. काकाजींनी घास ताटात परत ठेवला, पंच्याला हात पुसले आणि पाट विलासच्या बाजूला थोडा सरकवून घेतला.

"चवथ्यावर एकदम नाही जाता येत," ते म्हणाले. "दुसऱ्यापासून ऐक."